सुमित्रा भावेंचे सिनेमे : प्रबोधन की पिक्चर?

सांजवात

परवा दुसऱ्या एका धाग्यावर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या दिग्दर्शक जोडीच्या 'कासव'चा विषय निघाला आणि कुणीतरी एका ओळीत निकाल लावून टाकला: "भावे-सुकथनकर म्हणजे आजारांवरचे सिनेमे." तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

आरोपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. नुसती यादी बघा. 'जिंदगी जिंदाबाद' (१९९७) एड्सवर, 'देवराई' (२००४) स्किझोफ्रेनियावर, 'नितळ' (२००६) अंगावरच्या कोडावर, 'अस्तु' (२०१३) स्मृतिभ्रंशावर, 'कासव' (२०१६) नैराश्यावर. आरोग्य केंद्राच्या भिंतीवरचा तक्ता वाचतोय असं वाटावं. तरीही यातले निदान तीन सिनेमे मी पुन्हा पुन्हा बघते, आणि ते काही आजाराची माहिती मिळावी म्हणून नाही.

माझ्या मते याचं उत्तर त्यांच्या सिनेमाआधीच्या आयुष्यात आहे. सुमित्राबाईंचा जन्म १२ जानेवारी १९४३, पुण्यातला. शिक्षण राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राचं. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी बरीच वर्षं शिकवलं, आणि पुण्यातल्या वस्त्यांमधल्या बायकांशी बोलून संशोधन केलं. आठ दलित बायकांच्या कहाण्यांचं त्यांचं पुस्तक १९८८ मध्ये 'पॅन ऑन फायर' नावानं इंग्रजीत आलं, भाषांतर गेल ऑम्व्हेट यांचं. पण संशोधनाचा अहवाल शेवटी वाचतं कोण? दुसरे संशोधक. जिनं आपलं आयुष्य उलगडून सांगितलं, तिच्यापर्यंत तो पोचतच नाही, कारण तिला वाचता येत नाही. या अडचणीतून 'बाई' हा लघुपट झाला, १९८५ मध्ये. तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या आणि सिनेमाचं कसलंही शिक्षण घेतलेलं नव्हतं. त्या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

म्हणजे बघा, ज्यांच्यावर सिनेमा आहे त्यांनाच तो दाखवायचा, हा उद्देश पहिल्या दिवसापासूनचा. आणि संशोधक म्हणून लागलेली सवय म्हणजे प्रश्न विचारायचा आणि समोरची व्यक्ती बोलेपर्यंत गप्प बसायचं. त्यांच्या सिनेमांत मला ही सवय जागोजागी दिसते. कुणी खलनायक नाही, कुणाला पकडून शिक्षा नाही. माणसं एकमेकांशेजारी बसतात, आणि बऱ्याच वेळानं त्यातलं एखादं बोलतं.

तुम्हाला काय वाटतं?

तिरकस

छान लिहिलंय, पण मी दुसऱ्या बाकावर.

माझी तक्रार आजारांबद्दल नाही. माझी तक्रार आहे की हे सगळे सिनेमे एकाच घरात घडतात. सुती साड्या, पितळेची भांडी, मागे पुस्तकांचं कपाट, खिडकीतून ऊन. आणि सगळे इतके समजूतदार! वेडाचा झटका आलेल्या माणसाशीसुद्धा सगळे व्याकरणशुद्ध बोलतात. बहीण समजूतदार, मेव्हणा समजूतदार, डॉक्टर तर समजूतदारपणाचा अर्क. आमच्या घरात साधा टीव्हीचा रिमोट हरवला तरी याहून जास्त आरडाओरडा होतो.

संशोधक गप्प बसतो म्हणता, मग पात्रं एवढं का बोलतात? 'नितळ'मध्ये तर अर्धा वेळ कुणी ना कुणी कुणाला तरी समजावत असतं.

कोयनाकाठ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

डॉ_नाडीपरीक्षा

तिरकसराव, 'देवराई'मधला शेष समजूतदार नाही हो. अतुल कुलकर्णीचं काम पुन्हा एकदा बघा. त्याच्या डोक्यात देवराई उगवलेली आहे आणि बहिणीच्या शहरातल्या घरात ती मावत नाही. मी मनोविकारांच्या क्षेत्रात काम करतो म्हणून सांगतो, हिंदी सिनेमातला 'पागल' बघून आलेल्या नातेवाइकांना हा आजार समजावणं हे आमचं निम्मं काम असतं. शॉक, साखळदंड, केस पिंजारलेला माणूस, एवढंच त्यांनी पाहिलेलं. या सिनेमात पहिल्यांदा असा पेशंट दिसला जो हुशार आहे, हळवा आहे, वैतागवाणा आहे आणि औषध घेतल्यावर पुन्हा माणसांत येऊ शकतो. 'पूर्ण बरा झाला, टाळ्या' असा शेवटही नाही.

मेव्हणा समजूतदार आहे हे खरं. प्रत्यक्षात मेव्हणे तितके नसतात, हेही तितकंच खरं. :)

जुनाट_रेडिओ

'समजूतदार' म्हणून जे कोणी हिणवतात त्यांनी 'दोघी' (१९९५) पाहिलेला नसतो असा माझा अनुभव आहे. तो त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा कथापट. लग्नाच्या दिवशी नवरदेवाकडची मंडळी अपघातात जातात आणि थोरल्या गौरीवर पांढऱ्या पायाची म्हणून शिक्का बसतो. घर बसतं. मामा तिला मुंबईला नेतो, आणि तिथे ती कुठे पोचते ते वेगळं सांगायला नको. तिच्या पैशावर गावाकडची चूल पेटते. पण धाकट्या कृष्णाचं लग्न ठरतं तेव्हा तीच गौरी आईला मांडवात नकोशी होते.

उत्तरा बावकरांनी केलेली ती आई आठवा. कुठे समजूतदार आहे? तिला राग आहे, लाज आहे, मुलीबद्दल माया आहे, आणि गावाची भीती या सगळ्यावर मात करते. मुलीकडे सरळ बघणंसुद्धा तिला जमत नाही. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी दोघी तेव्हा कोवळ्या होत्या, सोनालीची तर सुरुवातच होती. तरी सिनेमा खाऊन टाकते ती बावकरांची आईच.

आणि इथे एकही माणूस दुष्ट नाही, मामासुद्धा धड दुष्ट नाही, हेच जास्त भयंकर आहे. दुष्ट माणूस असता तर त्याला शिव्या घालून आपण मोकळे झालो असतो.

तिरकस

'दोघी' मान्य. पण तो १९९५ चा. मी नंतरच्यांबद्दल बोलतोय.

भटकी_भिंगरी

धाग्याच्या नावात फक्त सुमित्रा भावे का? सुनील सुकथनकर कुठे गेले? कायमच असं होतं. दिग्दर्शनाचं श्रेय जवळपास प्रत्येक सिनेमात दोघांचं आहे, लिहिताना मात्र लोक एकाला गाळतात. ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून दिग्दर्शन शिकलेले, आणि अगदी सुरुवातीच्या काळापासून सुमित्राबाईंसोबत. दोघांच्या सिनेमांतली गाणीही बहुतेक सुकथनकरांचीच.

सांजवात

भिंगरीताई, मुद्दा रास्त. नाव मुद्दाम असं ठेवलं, कारण मला त्या संशोधनापासून सिनेमापर्यंतच्या प्रवासाबद्दल बोलायचं होतं आणि तो सुमित्राबाईंचा. कथा, पटकथा, संवाद त्यांचे. कपडेपट आणि कलादिग्दर्शनही त्याच बघायच्या. तिरकसरावांच्या पितळी भांड्यांची जबाबदारी त्यांचीच. शेवटच्या 'दिठी'वर दिग्दर्शक म्हणून त्यांचं एकटीचं नाव आहे. पण एक समाजशास्त्राची बाई आणि एक फिल्म इन्स्टिट्यूटचा पोरगा यांनी तीस-पस्तीस वर्षं एकत्र काम करावं, पन्नासच्या वर लघुपट आणि इतके सिनेमे करावेत, हे आपल्याकडे दुर्मीळच. सुकथनकरांवर स्वतंत्र धागा तुम्हीच काढा, मी येते प्रतिसाद द्यायला.

मधली_सुट्टी

मी 'अस्तु'बद्दल लिहिते. लांबेल, आधीच सांगते.

आमच्या घरी सासूबाईंना हाच आजार होता, स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. सिनेमा पाहिला तेव्हा त्या होत्या. त्यातली इरा (इरावती हर्षे) वडिलांना गाडीत ठेवून उतरते आणि तेवढ्यात ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. संस्कृतचा मोठा पंडित, चक्रपाणी शास्त्री, आणि लहान मुलासारखा हत्तीमागे चालतोय. त्यानंतर इराची जी धावपळ आहे त्यात काळजीइतकाच अपराधीपणा आहे, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, एक नको तो विचार आहे की सापडलेच नाहीत तर? तो सिनेमात कुणी बोलून दाखवत नाही. पण ज्यांनी घरात हे केलंय त्यांना तो ऐकू येतो.

मग ती चन्नम्मा. माहुताची बायको, अमृता सुभाषने केलेली. तिला डिमेन्शिया वगैरे काही माहीत नाही. म्हाताऱ्याला भूक लागली आहे आणि तो घाबरलाय, एवढंच तिला दिसतं. तेवढ्यावर ती त्याचं सगळं करते, पोटच्या पोरासारखं. इराला त्या म्हाताऱ्यात अजून तिचे बाबा हवे असतात, म्हणून तिला त्रास होतो. चन्नम्माला तो आधी कोण होता हे माहीतच नाही, म्हणून तिला सोपं जातं. आमच्याकडे अगदी हेच होतं. सासूबाई आम्हा दोघांना ओळखायच्या नाहीत म्हणून आम्ही रडायचो, आणि दुपारी येणाऱ्या मावशी त्यांच्याशी भोपळ्याच्या बिया निवडत मजेत गप्पा मारायच्या.

हे कुठल्या माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. म्हणून मी या सिनेमाला 'आजारावरचा' म्हणणार नाही. त्या वर्षी अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्राबाईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, दोन्ही योग्य होते.

तिरकस

मधली_सुट्टी, तुमचा प्रतिसाद सिनेमापेक्षा चांगला आहे. (कौतुकच आहे, रागावू नका.)

गोदातीर_४३१

आमच्या मराठवाड्याकडून एक रडगाणं. हे सिनेमे चांगले की वाईट ही चर्चा पुण्या-मुंबईच्या लोकांनी करावी, आमच्यापर्यंत ते येतच नव्हते. जिल्ह्याच्या गावी एक सिनेमागृह, तिथे मराठी सिनेमाला मिळाला तर दुपारी बाराचा खेळ, तोही शुक्रवार ते गुरुवार. बारा वाजता कोण जाणार? नोकरीवाला कामावर, बाई स्वयंपाकात. मग 'प्रेक्षक नाहीत' म्हणून उतरवायचा. 'अस्तु' तर तयार झाल्यावर थिएटरात यायलाच काही वर्षं गेली.

मी 'अस्तु' पाहिला तो एका कॉलेजच्या सभागृहात, पडद्याऐवजी भिंत, पंख्याचा आवाज संवादावर. नंतर डॉक्टरांबरोबर चर्चा. डॉ. मोहन आगाशे असे कार्यक्रम गावोगाव करत आलेत, ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. गर्दी होती, आणि चर्चा सिनेमाच्या जवळपास दीडपट वेळ चालली. एक गृहस्थ उभे राहून म्हणाले, "आमच्या आईला आम्ही भूतबाधा समजून वर्षभर फिरवली." सगळं सभागृह चिडीचूप.

सांजवात

इथेच माझा एक प्रश्न आहे, गोदातीर. सिनेमानंतर चर्चा, डॉक्टर, प्रश्नोत्तरं, हे चांगलंच. पण त्यानं सिनेमा 'साधन' होऊन जातो का? लोक चर्चेसाठी येतात आणि चर्चाच लक्षात ठेवतात. चन्नम्माच्या मांडीवर डोकं ठेवलेला शास्त्री मागे पडतो आणि 'लक्षणे व उपचार' पुढे येतात.

गोदातीर_४३१

ताई, तुमच्याकडे तिकीट काढून नुसता सिनेमा बघायची सोय आहे म्हणून हा प्रश्न पडतो. आमच्याकडे चर्चा नसती तर सिनेमाही आला नसता.

डॉ_नाडीपरीक्षा

+१ गोदातीर.

वेळासची_वाळू

'कासव'चा उल्लेख झाला म्हणून आले. आम्ही मंडणगड तालुक्यातले. ऑलिव्ह रिडले कासविणी आमच्या किनाऱ्यावर रात्री येतात, वाळूत खड्डा करून अंडी घालतात, खड्डा बुजवतात आणि समुद्रात निघून जातात. मागे वळून बघत नाहीत. गावातली पोरं पहाटे माग काढतात, अंडी कुंपणातल्या वाळूत हलवतात, म्हणजे कोल्ही-कुत्री उकरणार नाहीत. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ त्या वाळूवर झाकलेली टोपली उचलून बघायची, आणि पिल्लं असली की पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायची. पाण्यापर्यंत ती त्यांची त्यांनीच चालत जायची, उचलून पाण्यात टाकायची नाहीत.

सिनेमात जानकी त्या अनोळखी पोराला (आलोक राजवाडे) घरी आणते आणि त्याला कुणी फार काही विचारत नाही, नाव-गावसुद्धा. जेवण ठेवायचं, दार उघडं ठेवायचं, ड्रायव्हर यदू (किशोर कदम) आपली बडबड करत राहणार. पिल्लाला वाळूवर सोडून लांब उभं राहण्याचंच ते काम आहे. मला तो भाग फार पटला.

एक गोष्ट मात्र सांगते. सिनेमाचं नाव ऐकून लोक लगेच म्हणतात, कासव कसं अंग आत ओढून घेतं, तसा तो मुलगा. समुद्री कासवाला डोकं आणि वल्ह्यांसारखे पाय आत घेताच येत नाहीत. ते तळ्यातलं कासव.

कोयनाकाठ

बाप रे, हे माहीत नव्हतं. म्हणजे याला लपायलाही जागा नाही.

तिरकस

बघा, आता राष्ट्रीय पुरस्काराच्या परीक्षकांनाही कळवा, 'कासव'चं स्वर्णकमळ परत करायला सांगा.

जुनाट_रेडिओ

स्वर्णकमळावरून आठवलं. मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार किती वेळा? 'श्यामची आई' पहिल्याच वर्षी, मग थेट 'श्वास', मग 'देऊळ' (ब्यारी भाषेतल्या सिनेमाबरोबर विभागून), 'कोर्ट', आणि 'कासव'. पाच. पहिल्या दोघांत पन्नास वर्षांचं अंतर.

पण मला विचाराल तर त्यांचा सगळ्यात मोठा सिनेमा 'वास्तुपुरुष' (२००२). कूळकायद्यानं जमिनी गेलेलं देशपांड्यांचं घर. वाडा मोठा, धान्य संपलेलं, मोठेपणा मात्र शिल्लक. काका (सदाशिव अमरापूरकर) पुरलेलं सोनं सापडेल म्हणून राहत्या घरात खणत बसलेला. आई (पुन्हा बावकर) मुलाला डॉक्टर करायला निघालेली, ते का, तर या घरानं पिढ्यान्‌पिढ्या गावाचं जे ओरबाडलं ते फेडायला. तिरकसराव, ब्राह्मण घराचा हिशेब इतक्या थंडपणे मांडणारा मराठी सिनेमा दुसरा दाखवा. 'एकाच घरात घडतात' म्हणता ना, इथे तेच घर आतून खणून दाखवलंय.

तिरकस

हा पाहिलेला नाही. पाहून सांगतो. 'आजार' नाही ना यात कुठला?

जुनाट_रेडिओ

आहे. सोनं सापडेल हा.

इंद्रायणी_डोह

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. 'दिठी'वर कुणीच नीट बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरात वारी आहे, तेव्हा पक्षपाती समजा.

सुमित्राबाई १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात गेल्या आणि 'दिठी' मे महिन्यात ओटीटीवर आला. आम्ही तो टाळेबंदीत घरात बसून पाहिला, त्याच वर्षी पायी वारीही नव्हती. दि. बा. मोकाशींच्या 'आता आमोद सुनासि आले' या कथेवरचा सिनेमा. रामजी लोहाराचा (किशोर कदम) तरणा मुलगा बुडून जातो. तीस वर्षं वारी केलेला माणूस, आणि विठ्ठल असा वागला! सून बाळंत होते, मुलगी होते, तर हा तिचं तोंड बघायला तयार नाही. सोबतचे वारकरी येऊन बसतात, पोथी उघडतात. बाहेर पाऊस धरलेला.

कथेचं नाव ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातलं, नवव्या प्रकरणाची पहिलीच ओवी. सुगंधच नाक झाला, नादच कान झाला, बघणारा आणि दिसणारं वेगळं उरलं नाही, असा भाव. आता हे कीर्तनात ऐकायला गोड लागतं. पण ज्याचा पोरगा गेलाय त्याला काय सांगणार? सिनेमातले सोबती सांगायचा प्रयत्न करतात आणि हरतात. सगळे चांगले लोक आहेत, सगळ्यांना ओव्या पाठ आहेत, आणि एकाचाही शब्द रामजीपर्यंत पोचत नाही. हा सिनेमा 'समजावण्या'वरचाच आहे, तिरकसराव. समजावणं फुकट जातं ते यात दिसतं.

मग गाय अडते. आडवं आलेलं वासरू सोडवायला गावात हाच एक जाणता हात, म्हणून पावसात बोलावणं येतं. तो आधी नाही म्हणतो, मग उठतो. पुढचा प्रसंग सांगत नाही, ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. फक्त किशोर कदमचे हात बघा. चेहऱ्यापेक्षा जास्त काम त्या हातांनी केलंय. गाईच्या पाठीवरून फिरतात तेव्हा ते लोहाराचे राहत नाहीत. आणि पूर्ण वेळ कुणीही एक वाक्य ज्ञानाचं बोलत नाही.

मधली_सुट्टी

इंद्रायणी_डोह, तो प्रसंग आठवून पुन्हा पाणी आलं डोळ्यात. गाय कण्हते आणि आत सून निजलेली, ते दोन्ही एकमेकांशेजारी ठेवलंय पण जोडून दाखवलेलं नाही.

तिरकस

ठीक आहे. 'दिठी'ला मी शरण. त्यात पितळेची भांडी आहेत पण ती वापरातली आहेत.

माझं म्हणणं तरी पूर्ण सोडत नाही. 'एक कप च्या'मध्ये एसटी कंडक्टरला अवाच्या सव्वा वीजबिल येतं, मग माहितीचा अधिकार काय, अर्ज कसा करायचा, हे सगळं पायरीपायरीनं. तो सिनेमा पाहून मला अर्ज करता येईल, पण तो कंडक्टर मला आठवत नाही. 'दिठी'तून काहीही शिकायला मिळत नाही आणि रामजी आठवतो. याच दिग्दर्शिकेनं दोन्ही केलंय. माझी तक्रार एवढीच की दुसऱ्या प्रकारचे जास्त करायला हवे होते.

सांजवात

हे मात्र मान्य करायला हवं. विषय कोणीतरी हातात दिला की त्या सिनेमाला त्याचं ओझं होतं, आणि विषय स्वतःच्या आत मुरलेला असला की तो 'वास्तुपुरुष' किंवा 'दिठी' होतो. पण पैसे विषयालाच मिळायचे, हेही आहे. आमच्यासारख्यांनी तिकिटं काढली असती तर त्यांना कुणाच्या विषयाची गरज पडली नसती.

भटकी_भिंगरी

'संहिता' राहिला. आरती अंकलीकरांचं गाणं, शैलेंद्र बर्वेंचं संगीत, दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार. विषय-बिषय नाही, आजार नाही, राजा-राणी-गायिका आणि त्यांची गोष्ट लिहिणारी बाई. तिरकसराव, तुमच्या यादीत टाका.

गोदातीर_४३१

इथलं वाचून आमच्या शाळेत 'दहावी फ' दाखवायचं ठरवलंय. मी स्वतः नववी-दहावीला शिकवतो. मार्कांवरून तुकड्या पाडायच्या आणि शेवटच्या तुकडीत कोण बसतं ते बघायचं, त्यासाठी समाजशास्त्र शिकायची गरज नाही, हजेरीपट वाचला की पुरे. सिनेमात 'फ'ची पोरं प्रयोगशाळा फोडतात आणि पुढे स्वतः कामं करून तिचे पैसे उभे करतात, तो भाग आमच्या पोरांना कसा वाटतो ते बघायचंय. मुख्याध्यापक म्हणाले, नंतर एखादा समुपदेशक बोलावू. मी म्हटलं नको. भजी ठेवू.

तिरकस

गोदातीर, भज्यांचे पैसे माझ्याकडून. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.